दुसऱ्याचा कागद

आठवड्यातून एकदा दहाबारा मुलांसोबत कागदाच्या घड्या घालत बसायचे, हा माझा गेल्या काही वर्षांचा परिपाठ आहे. त्या दिवशी आम्ही क्रौंच पक्षी करत होतो. सुरुवातीच्या उभ्या, आडव्या आणि तिरक्या घड्या घालून झाल्या होत्या, कागद मिटून मूळच्या चौथाई आकाराचा चौरस झाला होता, आणि आता ती घडी आली होती जिच्यापाशी बहुतेक मुले पहिल्यांदा अडतात. वरचा एकच पदर खालच्या टोकाला धरून उचलायचा, तो वर नेता नेता दोन्ही बाजूंच्या कडा आत येऊ द्यायच्या आणि तयार होणारी लांबट पाकळी हलकेच सपाट करायची, एवढेच तिच्यात असते. परंतु ती घडी घालताना कागद क्षणभर कोणत्याच ओळखीच्या आकारात नसतो. तो धड चौरस नसतो, धड पाकळीही नसते, नुसता फुगलेला असतो, आणि आपल्या हातून काम बिघडते आहे असे वाटण्याचा नेमका तोच क्षण असतो. माझ्या शेजारी बसलेली नऊ वर्षांची मुलगी त्या क्षणापाशी येऊन सातआठ वेळा मागे फिरली होती. घामाने तिचा कागद मऊ पडला होता. मी वाकले, तिच्या बोटांतून तो काढून घेतला, "हे बघ, असं," म्हणाले आणि तीन सेकंदांत पाकळी करून तिच्यापुढे ठेवली. तिने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आवाजात जराही राग न आणता ती म्हणाली, "हा आता तुमचा झाला." मग तिने तो माझ्याकडे सरकवला, नवा कागद घेतला आणि पहिल्या घडीपासून सुरुवात केली. वेळ संपेपर्यंत ती पाकळीपर्यंत पोहोचली नाही.

तो कागद माझ्या टेबलावर राहिला. त्याला अजून मान नाही आणि शेपटीही नाही.

पुढचे काही दिवस ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी केले ते कोणीही मदत म्हणूनच ओळखले असते, आणि मी स्वतःही तोवर तसेच ओळखत होते. या बैठकींना मुलांना घेऊन येणारे पालक क्वचितच म्हणतात की आमच्या मुलाला कागदाचे पक्षी करता यावेत. ते म्हणतात, हा चारचौघांत मिसळत नाही. हिला हरलेले चालत नाही. हा दुसऱ्याचे ऐकूनच घेत नाही. हिच्यावर सगळे दादागिरी करतात. मीही त्यांना विश्वासाने सांगत असे की घड्या घालताना धीर येतो, ऐकण्याची सवय लागते, मुले एकमेकांना मदत करू लागतात. त्या दिवशी टेबलाभोवती बसलेल्या सगळ्या मुलांच्या देखत मी मदतीचा धडा दिला होता तो असा, की ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याच्या हातातली वस्तू काढून घ्यावी. मुले आपण सांगितलेले विसरतात, केलेले विसरत नाहीत. त्याच बैठकीत, थोड्या वेळाने, एका मोठ्या मुलाने शेजारच्या लहान मुलाचा बेडूक अगदी माझ्यासारखाच, माझ्याच शब्दांत "हे बघ, असं," म्हणत हातातून घेतला होता. ते मी पाहिले होते, परंतु त्याचा अर्थ मला घरी आल्यावर लागला.

माझे बाबा कागदाच्या फार देखण्या होड्या करत. मी मागावी आणि त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून ती करून द्यावी, असा आमच्यातला न बोललेला करार होता. घडीवरून नख ओढताना होणारा तो कोरडा, सरळ जाणारा आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटी दोन टोके धरून ती बाहेरच्या बाजूला ओढली, की इतका वेळ चपटा असलेला कागद एकाएकी पोट धरून उभा राही, आणि तो क्षण पाहण्यासाठी मी पुन्हा पुन्हा होडी मागत असे. मला इतक्या होड्या मिळाल्या, की होडी करता येण्याची गरजच कधी पडली नाही. पुढे केव्हातरी माझ्याहून लहान असलेल्या एका मुलाने माझ्यापुढे कागद धरला आणि "होडी कर" म्हटले, तेव्हा मी दोन घड्या घातल्या आणि थांबले. "बाबा आले की करतील," असे मी त्याला सांगितले. त्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता, आणि त्या हाताला देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. हे लिहिताना बाबांना दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या होड्यांमध्ये माया होती आणि ती मला पोहोचली. मी शिकवा म्हटले असते तर त्यांनी नक्की शिकवले असते. मी म्हटले नाही, कारण तयार होडी येत होती. ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी आकृत्या पाहून होडी शिकले, आणि घडीवरून नख ओढताना माझ्या हातून तोच आवाज निघाला, तेव्हा मला काम थांबवून थोडा वेळ तसेच बसून राहावे लागले. मायेने केलेली मदतही कधी कधी दुसऱ्याचे हात रिकामे ठेवते, ही गोष्ट मला त्या होड्यांमधून कळायला हवी होती. ती कळली त्या नऊ वर्षांच्या मुलीमुळे.

मुले एकत्र कशी खेळतात याचे निरीक्षण करून मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये खेळाचे जे प्रकार मांडले, त्यांत एक प्रकार शेजारी शेजारी बसून स्वतंत्रपणे खेळण्याचा आहे. दोन मुले एकाच जागी, सारख्याच वस्तू घेऊन खेळत असतात, परंतु एकमेकांबरोबर खेळत नसतात. त्यांनी हे अगदी लहान मुलांबद्दल लिहिले होते. घड्यांच्या टेबलाशी मात्र नऊदहा वर्षांची अनोळखी मुलेही सुरुवातीला त्याच स्थितीत जातात, आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. लाजऱ्या मुलाची सगळ्यात मोठी अडचण अशी असते की नजर कुठे ठेवावी हे त्याला कळत नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही, आणि न पाहिले तर मोठी माणसे टोकतात. कागद हातात आला की नजरेला हक्काची जागा मिळते. चेहऱ्याकडे न पाहता शेजाऱ्याच्या बोटांकडे पाहता येते, आणि तसे पाहण्याला सबळ कारणही असते. या बैठकींत दोन अनोळखी मुलांमध्ये होणारे पहिले बोलणे बहुतेक वेळा एकच असते: "हे असंच ना?" सुरुवातीला हा प्रश्न माझ्याकडे पाहून विचारला जातो. मग एखाद्या आठवड्यात, मी दुसरीकडे गुंतलेली असताना, तोच प्रश्न मान वळवून शेजाऱ्याला विचारला जातो. तो मला दुरून ऐकू येतो, आणि तेव्हा मी मुद्दाम तिकडे पाहत नाही.

बोलणे सुरू झाले की शब्दांची पंचाईत सुरू होते, आणि मला वाटते घड्यांमधून मुले जे शिकतात त्यातले पुष्कळसे या पंचाइतीत आहे. आम्ही एक खेळ खेळतो. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे आकृत्या असतात, दुसऱ्याकडे कागद, आणि पहिल्याने केवळ बोलून दुसऱ्याकडून वस्तू करून घ्यायची असते. पहिल्या दोन मिनिटांतच "वर" हा शब्द कोलमडतो. वर म्हणजे छताच्या दिशेने, की कागदाच्या पलीकडच्या कडेकडे? "उलटा कर" म्हटल्यावर एक मूल कागद पालथा करते आणि दुसरे तो अर्धा फेरा फिरवते. दोघांनीही ऐकलेले असते, दोघांनीही ऐकले तसेच केलेले असते, आणि दोन्ही कागद आता वेगळ्या वाटांना लागलेले असतात. दरी आणि डोंगर ही तर याहून गमतीची जोडी आहे. घडीची रेघ आपल्यापासून दूर, खोलात गेली तर ती दरी, आणि आपल्याकडे वर आली तर तो डोंगर. पण तोच कागद दोघांच्या मध्ये उभा धरला, तर अलीकडच्याला जी दरी दिसते ती पलीकडच्याला डोंगर दिसते. दोन मुली एकदा यावरून चांगल्याच हमरीतुमरीवर आल्या. त्यांना समजावण्याऐवजी मी त्यांना जागा बदलायला सांगितली. पलीकडे जाऊन बसल्यावर दोघीही गप्प झाल्या, आणि मग त्यांच्यातली एक, काहीशा नाराजीनेच, म्हणाली, "इथून तसंच दिसतं."

जपानचे ओरिगामी कलावंत अकिरा योशिझावा तरुणपणी कारखान्यात काम करत आणि नव्या कामगारांना भूमिती समजावून देण्यासाठी घड्यांचा उपयोग करत. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातील खुणांची पद्धत पुढे इतरांनी थोडी वाढवली आणि ती जगभर रूढ झाली: तुटक रेघ म्हणजे दरी, रेघ आणि ठिपके म्हणजे डोंगर, आणि हालचालीसाठी बाण. त्या खुणांमुळे जपानी भाषेचा एकही शब्द न कळणारा माणूस जपानी आकृत्या पाहून वस्तू करू शकतो. आमच्या मुलांनाही त्या खुणा येतात. तरीही मी पाठीला पाठ लावण्याचा खेळ सोडलेला नाही, कारण आपण बोललो ते समोरच्याला कसे ऐकू गेले असेल असा विचार करायची वेळ खुणांमुळे येत नाही, ती शब्द अपुरे पडल्यावर येते. तीनचार आठवड्यांनी मुलांचे शब्द बदलतात. "असं कर" जाते आणि "तुझ्या पोटाकडची कड घे, ती खिडकीकडच्या कडेवर ठेव" असे वाक्य येते. त्या वाक्यातल्या "तुझ्या" या शब्दावर माझा फार जीव आहे.

त्या प्रसंगानंतरच्या आठवड्यात बैठक सुरू होण्याआधी मी मुलांना सांगितले की गेल्या वेळी मी एका मैत्रिणीच्या हातातून तिचा कागद घेतला, तिला न विचारता घेतला, आणि ते माझे चुकले. इथून पुढे कोणीही, मीसुद्धा, दुसऱ्याच्या कागदाला त्याने होकार दिल्याशिवाय हात लावायचा नाही. मदत करायची असेल तर स्वतःचा कागद घ्यायचा, त्याच्या शेजारी बसायचे आणि आपल्या कागदावर दाखवायचे. शेजारी, समोर नव्हे. समोर बसले की आपला उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला येतो. ती मुलगी हे ऐकत असताना कागदांच्या गठ्ठ्यातला रंग निवडत होती. तिने वर पाहिले नाही. परंतु रंग निवडणारे तिचे बोट थोडा वेळ थांबले होते.

हा नियम मुलांना सोपा गेला नाही, आणि सगळ्यात अवघड गेला तो चटपटीत हातांच्या मुलांना. दहा वर्षांचा एक मुलगा आमच्यात सर्वांत वेगाने घड्या घालतो. शेजारचा अडला की त्याचे हात आपोआप पुढे जात; मग तो दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांवर बसू लागला. "मग सांगू कसं?" असे त्याने मला दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी उत्तर देण्याचे टाळले. त्याचा स्वतःचा पक्षी तेव्हा पूर्ण झालेला होता. शेजारच्या लहान मुलाचा कागद मात्र अधल्यामधल्या अवस्थेत वेडावाकडा फुगून बसला होता, आणि तो कुठे चुकला हे नुसते पाहून कळत नव्हते. थोड्या वेळाने मोठ्या मुलाने आपला पूर्ण झालेला पक्षी उचलला आणि उलगडायला सुरुवात केली. आधी त्याने चोच सरळ केली, मग मान आणि शेपटी खाली आणली, मग एक पाकळी उघडली. प्रत्येक घडी उघडल्यावर तो आपला कागद शेजारच्याच्या कागदाजवळ धरून पाही आणि मान हलवी. असे करत करत तो इतका मागे आला की दोघांचे कागद सारखे दिसू लागले. "इथे," तो म्हणाला. "तू इथे आहेस. मी पण आता इथेच आहे." मग दोघांनी तिथून पुढे एकेक घडी बरोबरीने घातली.

मी बरेच वाचले आहे, बऱ्याच जाणत्या माणसांची व्याख्याने ऐकली आहेत, पण अडलेल्या माणसाला मदत करणे म्हणजे काय हे मला त्या उलगडत जाणाऱ्या पक्ष्याइतके स्पष्ट कुठेही दिसलेले नाही. पूर्ण झालेले काम उसवायला किती जड जाते हे हाताने काही केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याने ते केले, कारण मी त्याच्यापुढचा सोपा रस्ता बंद केला होता, आणि उरलेला एकमेव रस्ता दुसऱ्याच्या अडचणीतून जात होता. वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांचा १९७६ मधला एक अभ्यास शिक्षणाच्या क्षेत्रात फार ओळखीचा आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडाचे २१ ठोकळे जोडून पिरॅमिड करायचा होता, आणि मदत करणाऱ्या व्यक्तीने मुलाला जमेल तेवढे स्वतः करू द्यायचे, आधी शब्दांनी सांगायचे, आणि शब्द पुरले नाहीत तरच करून दाखवायचे, असे ठरलेले होते. अशा मदतीला त्यांनी बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली. ही उपमा मला पटते, कारण परांची भिंतीला टेकून उभी असते, भिंतीच्या आत शिरत नाही, आणि काम झाले की ती काढून घ्यायची असते.

नियमात होकाराची जी पळवाट ठेवली होती, तिच्यातून पुढे एक वेगळीच सवय उगवली. मुले "हात लावू का?" असे विचारू लागली. प्रश्न तीन शब्दांचा आहे, पण त्याला "नको" हे उत्तर मिळू शकते, आणि ते ऐकून घेणे हे विचारण्यापेक्षाही कठीण असते. पहिल्यांदा "नको" ऐकलेली एक मुलगी दुखावून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. आपली मदत नाकारली म्हणजे आपल्यालाच नाकारले, असे तिला वाटले असावे, आणि खरे सांगायचे तर मोठ्या वयातही असे वाटणे पुरते सुटत नाही. दुसरीकडे, नेहमी दुसऱ्यांच्या मर्जीने वागणाऱ्या एका मुलाने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कोणाला तरी "नको, मीच करतो" असे सांगितले, तेही एका कागदी बेडकाच्या मागच्या पायासाठी, आणि सांगून झाल्यावर तो स्वतःच थोडा घाबरला. काहीच झाले नाही. विचारणारा "बरं" म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. काही मुलांच्या बोटांत खरोखरच जोर कमी असतो, त्यांना जाड घडी दाबली जात नाही, त्यांनी आपण होऊन तोड काढली, "तू धर, मी दाबते." एकाने कडा जुळवून धरायच्या आणि दुसऱ्याने नख ओढायचे. अशी घडी कोणाची, हे मग कोणी विचारत नाही.

अनेक हातांचे काम करायचे म्हणून आम्ही एकदा सोनोबे घटकांचा गोळा करायला घेतला. मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटकाला दोन खिसे आणि दोन टोके असतात. एकाचे टोक दुसऱ्याच्या खिशात जाते आणि डिंकाचा थेंबही न लागता सगळे एकमेकांना धरून राहतात. सहा घटकांचा घन होतो, तीस घटकांचा काटेरी गोळा. सहा मुलांनी पाच पाच घटक करायचे ठरले आणि सगळे मन लावून बसले. जोडणी सुरू झाल्यावर लक्षात आले की एका मुलाचे पाचही घटक कुठेच बसत नाहीत. तो डावखुरा आहे, आणि पहिलीच तिरकी घडी त्याने दुसऱ्या बाजूने घातली होती. परिणामी त्याचे घटक इतरांच्या घटकांचे आरशातले प्रतिबिंब झाले होते. "तुझे चुकलेत," असे कोणी तरी म्हटले आणि टेबल शांत झाले. एका मुलीने त्याचा एक घटक आणि आपला एक घटक दोन तळहातांसारखे समोरासमोर धरले, बराच वेळ पाहिले आणि ती म्हणाली, "चुकले नाहीत. उलटे आहेत." तिने मग त्याच्यासारखी घडी घालून एक घटक केला, त्याच्या पाचांत तो मिळवला, आणि सहांचा घन अगदी घट्ट बसला. गोळ्याला कमी पडलेले पाच घटक बाकीच्या पाच जणांनी एकेक करून भरून काढले. शेवटचा घटक बसवताना आधीचे सगळे थोडे थोडे सैल करावे लागतात, त्यासाठी पाच जणांची बोटे एकदम त्या गोळ्यावर होती. मला हा प्रसंग इथेच संपवता आला असता तर बरे वाटले असते. परंतु तो मुलगा घन हातात घेऊन गोळ्याकडे पाहत होता, आणि जाताना तो मला हळूच म्हणाला, "गोळ्यात माझा एकही नाही." मी त्याला काय सांगणार होते? त्याचे म्हणणे खरे होते. पुढच्या वेळी पहिली घडी सगळ्यांनी एकमेकांच्या कागदाशी ताडून पाहायची, एवढे आम्ही ठरवले. ते त्याच्या त्या दिवशीच्या दुःखाला पुरे पडले नाही.

"सामाजिक कौशल्ये" हा शब्द मी स्वतः वापरते आणि वापरताना दर वेळी थोडी अस्वस्थ होते. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत ब्लांकेनबुर्ग येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात कागदाच्या घड्यांना स्थान होते, आणि त्यांच्या मनात ती मुलाची स्वतःची, खेळकर कृती होती. पुढे मात्र त्यांच्या मागून आलेल्यांच्या हाती अनेक वर्गांत तिची कवायत झाली: सांगितली की घडी घाला, सांगितले की थांबा. चांगल्या हेतूने एखाद्या कृतीवर ओझे लादले की ती कृती वाकते, ही भीती मला सतत वाटते. मुलांना बेडूक हवा असतो, उडी मारणारा बेडूक, आणि त्या बेडकाच्या पाठीवर आपण मैत्री, सहकार्य, संयम असे सगळे बसवू पाहतो. आमच्याकडे एक मुलगा आहे. तो वर्षभर टेबलाच्या टोकाला एकटा बसून घड्या घालतो आणि कोणाशी बोलत नाही. त्याची आई दर महिन्याला मला विचारते, "आता जरा मिसळतो का हो?" सुरुवातीला मी त्याला मध्ये बसवून पाहिले, त्याचे हात चालेनासे झाले, म्हणून मी ते बंद केले. पूर्वी तो आमच्याकडे पाठ करून बसत असे, आता कडेने, आमच्या बाजूला खांदा करून बसतो. मी त्याच्या आईला एवढेच सांगते. हे पुरेसे आहे की नाही ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही, आणि बहुधा तिचाही नाही.

एका संध्याकाळी मी टेबलावरचा तो अपुरा कागद हातात घेतला आणि उलगडला. कागद मोडतो तेव्हा त्याचे तंतू त्या रेषेवर दबतात, काही तुटतात, आणि म्हणून घडी उघडली तरी रेघ राहते. मी घातलेली घडी ठळक, एकच आणि सरळ होती. तिच्या आजूबाजूला, आतल्या पांढऱ्या बाजूवर, कितीतरी फिकट रेघा होत्या. त्या मुलीने सातआठ वेळा जी घडी घालायचा प्रयत्न केला होता, तिच्या त्या खुणा होत्या. काही खूप खाली होत्या, काही तिरक्या, परंतु शेवटच्या दोनतीन रेघा माझ्या रेघेपासून तांदळाच्या दाण्याइतक्याही दूर नव्हत्या. माझा हात पुढे गेला तेव्हा ती किती जवळ आली होती हे मला त्या वेळी दिसले नव्हते. मला फक्त फुगलेला कागद आणि घामेजलेली बोटे दिसली होती. तो कागद मी पुन्हा मिटला, तिच्या रेघांवरून नव्हे, माझ्याच रेघेवरून, कारण तो आता दुसऱ्या रेघेवरून मिटतच नव्हता.

गेल्या महिन्यात आम्ही जोडपक्षी केले. १७९७ मध्ये जपानमध्ये छापलेल्या एका पुस्तकात एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले अनेक क्रौंच करण्याचे नमुने आहेत; कागदाला चिरा द्यायच्या, पण चौरसांच्या टोकांशी तो किंचित जोडलेला ठेवायचा. चौरसाची चार टोके पुढे चोच, शेपटी आणि दोन पंख होतात, त्यामुळे जिथे जोड ठेवला असेल तिथे एका पक्ष्याचा पंख दुसऱ्याच्या पंखातून निघतो. आम्ही त्यातला सर्वांत साधा प्रकार घेतला: दोन चौरस मावतील असा लांबट कागद, मधोमध चीर, आणि एका टोकाला तीनचार मिलिमीटरचा जोड. एका कागदावर दोघांनी बसायचे, प्रत्येकाने आपला पक्षी करायचा. एकाने ओढले की दोघांचा फाटतो. एकाला कागद पालथा करायचा असेल तर दुसऱ्याला आपले काम थांबवून सोबत पालथे व्हावे लागते. मुलांनी भराभर जोडीदार निवडले. मुलांची संख्या विषम होती, आणि ती नऊ वर्षांची मुलगी, जी आता दहा वर्षांची आहे, निळा कागद घेऊन माझ्याजवळ आली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. आम्ही बरोबरीने पहिली घडी घातली, बरोबरीने कागद पालथा केला, आणि पाकळीपाशी आलो. माझी पाकळी झाली. तिचा कागद फुगला, त्याच जुन्या आकारहीन अवस्थेत, आणि आमच्या दोघींच्या कागदांमधला तो चिमुकला जोड ताणला गेला. माझे हात थोडेसे तिच्या बाजूला झुकले असावेत.

"थांबा," ती कागदावरून नजर न काढता म्हणाली. "माझं अजून चाललंय."

मी माझ्या पक्ष्याचा पदर एका बोटाने उचलून धरला, म्हणजे जोडावर ताण येणार नाही, आणि तशीच बसून राहिले.